कुलूपबंद घरांची पाळी

आमच्या गावच्या पाटीवरचा लोकसंख्येचा आकडा कधी जागेवर राहत नाही, अशी तालुक्यात थट्टा चालायची. चालू द्या. साऱ्या तालुक्यात खरा आकडा असलेली पाटी ती एकच होती, हे मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. बाकीच्या गावांच्या पाट्यांवर मेलेली माणसं दहा-दहा वर्षं सुखानं नांदत होती.

ही पाटी अकोटच्या डांबरी रस्त्यावर, आमच्या गावचा फाटा फुटतो तिथं. फाट्यापासून गाव आत चार किलोमीटर. पाटीवर वर गावाचं नाव, खाली लोकसंख्या, आणि लोकसंख्येच्या जागी चुन्याचे एकावर एक इतके थर की तेवढा भाग फुगून वर आलेला. हा उद्योग आबाजींचा. गावात पोर झालं, कुणी गेलं, सून आली, लेक सासरी गेली, की आबाजी डबा-ब्रश घेऊन चार किलोमीटर चालत जाणार, जुना आकडा चुन्यानं पुसणार, वाळेपर्यंत बाभळीखाली बसणार, आणि मग काळ्या रंगानं नवा आकडा लिहून चार किलोमीटर परत येणार. एकदा ग्रामसेवकानं त्यांना दम दिला की ही सरकारी मालमत्ता आहे. आबाजी म्हणाले, मंग सरकारले सांगा खरं लिव्हाले, मले काय हौस आहे काय तंगड्या तोडाची. ग्रामसेवक पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

आबाजी जातीचे माळी. नाल्याच्या काठी दीड एकर मळा. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याच्या अंदाजानं झेंडू. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहायचे. समोर सगळे आबाजी म्हणायचे आणि पाठीमागे खानेसुमारी. रोज सकाळी मळ्यात जायच्या आधी गावाला एक फेरी आणि संध्याकाळी दुसरी. दारादारासमोर थांबून, आत डोकावून, ओठ हलवत मोजत जायचे. आमची आई चुलीपाशी बसलेली असायची. ती मागं न बघता सांगायची, "पाच आहे आबाजी, पाचही घरीच आहे." तरी आबाजी आत बघितल्याशिवाय हलायचे नाहीत.

त्यांचे नियम होते आणि ते नियम पक्के. बाळ झाल्याचं कळलं म्हणून आकडा वाढायचा नाही. बाळ डोळ्यांनी बघावं लागे. माझ्या मोठ्या बहिणीला मुलगा झाला तेव्हा ते बाराव्या दिवशी आले, कपडा बाजूला करून बघितलं, आणि मग म्हणाले की हे पोट्टं बापाच्या गावचं, आपल्यात येत नाही. बहीण चिडली. नवी सून उंबरठा ओलांडून गावचं पाणी प्यायली की धरायची. आणि गेलेला माणूस तेरवी होईपर्यंत वजा करायचा नाही. लोक म्हणायचे, आबाजी, बुढा गेला नं काल, पुसा आता. तर ते म्हणायचे, तेरवीपावतर मानूस गावातच असते, घाई काहून करता? तेरवीचं जेवण झालं की हात धुऊन, न बोलता, डबा-ब्रश घेऊन फाट्याकडं निघायचे. घरच्यांना ते बरं वाटायचं. पुढे आमच्या आजोबांच्या वेळी मला ते कळलं. चौदाव्या दिवशी पाटीवरचा एक कमी झालेला आकडा बघून मी रडले, आधी रडले नव्हते.

हे वेड त्यांना कशामुळं लागलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. मी पालकाच्या जुड्या बांधायला बसले होते. फार वर्षांपूर्वी सरकारी शिरगणतीचे मास्तर आले, तेव्हा त्यांना घरं दाखवायचं काम तरुण आबाजींकडं होतं. दोन दिवस हिंडून त्यांनी अख्खं गाव लिहून दिलं. मास्तर गेले. रात्री जेवायला बसले, आणि ताटात भाकर वाढायला बहीण वाकली. त्यांची ही बहीण जन्माची मुकी. मळ्यात राबायची, कोठ्यात गाईपाशी झोपायची. तिचं नाव सांगायचंच राहिलं होतं. मास्तरांच्या मागं आबाजी दुसऱ्या दिवशी अकोटपर्यंत धावले, पण कागद पुढं गेले होते.

"सख्खी बहीण सोडून देल्ली मी," ते म्हणाले. "तिच्या हातची भाकर खाऊन राहिलो होतो, अन् ती कागदात नोयती."

बहीण पुढं वारली. आबाजींनी लग्न केलं नाही. आणि मोजायचं सोडलं नाही.

आता माझी गोष्ट सांगते. तीही त्यांचीच गोष्ट आहे.

मी अकरावीला अकोटच्या कॉलेजात सायन्सला गेले. आमच्या गावच्या आम्ही सहा पोरी, सगळ्या पासवर जायचो. गावाला एसटीच्या दोनच फेऱ्या, सकाळी सातची आणि संध्याकाळी साडेपाचची. पोरांचं काय, ते दोस्ताच्या मोटारसायकलवर तिघं-चौघं बसून जायचे. फाट्यावरून काळ्यापिवळ्या गाड्या मिळायच्या. एकेका गाडीत पंधरा-पंधरा माणसं, दार उघडं, ड्रायव्हर अर्धा बाहेर. माझ्या बाबांनी प्रवेशाच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की एसटी आहे तोवर कॉलेज. पोरीला काळ्यापिवळीत कोंबून मी धाडणार नाही. बाबा वाईट माणूस नव्हते. भित्रे होते, आणि त्यात एक स्थळही येऊन गेलं होतं. बाकी पाच घरांमध्येही थोडंफार हेच.

आणि दिवाळीआधी कंडक्टरनं सांगितलं की सकाळची फेरी बंद होणार. भारमान नाही. भारमान म्हणजे गाडीच्या जागांच्या मानानं माणसं किती बसतात, ते. आबाजी गावातल्या दोघांना घेऊन डेपोत गेले. तिथला साहेब सरळ माणूस होता. म्हणाला, बाबा, सहा पोरींसाठी एवढी मोठी गाडी मी कशी चालवू? पंधरा दिवस बघतो. माणसं वाढली तर ठीक, नाही तर एक तारखेपासून बंद.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन पुस्तकं ट्रंकेत ठेवून दिली. आईनं विचारलं तर म्हटलं, आता कशाला पाहिजेत. मला राग लवकर येतो. रागानं मी रडते आणि रडताना मला आणखी राग येतो. आईनं ट्रंक उघडली आणि पुस्तकं परत फळीवर लावली.

मारुतीच्या पारावर आबाजींनी गाव जमवलं. आमच्याकडं सामायिक विहिरीच्या पाण्याची पाळी असते. कुणाच्या वावराला कुठल्या दिवशी पाणी, ते ठरलेलं. पाळी आली की माणूस ताप असला तरी उठून जातो, कारण त्यानं चुकवली तर पुढच्याचं गणित बिघडतं. आबाजींनी तीच पाळी गाडीला लावली. रोज पंधरा घरं, घरटी एक माणूस, सकाळच्या गाडीनं अकोटला जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. काम असो नसो. यादी त्यांच्याकडं तयारच होती, साऱ्या गावाची माणसं त्यांना तोंडपाठ.

लोक कुरकुरले. कापूस वेचायला आलेला, तूर उभी. काम नसताना दिवसभर अकोटात जाऊन माश्या मारायच्या काय, असं एकानं विचारलं. माझे बाबा खाली मान घालून बसले होते. आबाजी ओरडले नाहीत.

"पान्याची पाळी आली का तापातबी उठता नं तुमी? हेही पाळीच समजा. अन् ज्याले यायचं नाही त्यानं अठीच सांगावं, का सहातल्या कोन्या पोरीले घरी बसवू मी."

मग कुणीतरी विचारलं, गावात अकरा घरं कुलूपबंद आहेत, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, त्यांच्या पाळीचं काय? आबाजी म्हणाले, घर आहे म्हणजे पाळी आहे. त्यांची पाळी मी करीन.

आता यातली गंमत अशी की आबाजींना गाडी लागायची. साधीसुधी नाही. फाटा यायच्या आत तोंड पांढरं पडायचं. त्यांनी उभ्या आयुष्यात अकोटला भाजी नेली ती बैलगाडीनं, नाही तर दुसऱ्याच्या हाती पाठवली. आता ते रोज बसायला लागले. पाळी आठ दिवसांनी फिरून यायची, त्यात अकरा घरं म्हणजे रोज कुठल्या ना कुठल्या कुलपाची पाळी असायचीच. ड्रायव्हरच्या मागची खिडकी, मुठीत लिंबू, मांडीवर पिशवी. ते लिंबू हुंगत बसायचे आणि तरी व्हायचं ते व्हायचंच. आम्ही पोरी वेड्या, पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी मी पाण्याची बाटली नेली. त्यांनी चूळ भरली, बाटली परत दिली आणि म्हणाले, पोटाले समजत नाही बाई, डोक्याले समजते. संध्याकाळी घरी आले की ते तास-दोन तास निंबाखाली आडवे पडायचे आणि मग मोजायची फेरी करायला उठायचे.

त्या पंधरा दिवसांत गावानं काय काय केलं ते सांगायला बसले तर दिवस जाईल. गल्लीतली एक बुढी, सगळे तिला बुढीच म्हणायचे, वीस वर्षांत अकोटला गेली नव्हती. ती पाळीला गेली आणि दिवसभर करायचं काय म्हणून सरकारी दवाखान्याच्या सावलीत बसली. तिथं एका नर्सनं तिचे डोळे बघितले. मोतीबिंदू पिकला होता. तिचं ऑपरेशन ठरलं ते असं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सात वर्षं अबोला असलेल्या दोन भावांची पाळी आबाजींनी मुद्दाम एका दिवशी टाकली. ते बोलले नाहीत, पण मोठ्यानं धाकट्याची जागा धरून ठेवली होती, हे मी डोळ्यांनी बघितलं. काही बायकांना तर चटकच लागली. माझी पाळी उद्या लावा ना आबाजी, मंगळवारी बाजार असते, अशी गळ घालायला लागल्या.

आणि शेवटच्या दिवशी घोटाळा झाला.

त्या दिवशी डेपोतून तपासनीस येणार आहे, अशी बातमी आदल्या संध्याकाळी गावात आली. बस. मग कुणाची पाळी आणि कसली यादी. सकाळी साडेसहालाच अर्धं गाव पारापाशी हजर. लोकांनी शेजारच्या गावचे पाहुणे आणले होते. एकानं तर घरी आलेल्या जावयाला चहा पिऊ न देता धरून आणलं होतं. गाडी आली, तपासनीस खाली उतरून बाजूला उभा राहिला, आणि माणसं दारातून, खिडकीतून अशी आत घुसली की पाच मिनिटांत पाय ठेवायला जागा नाही. आम्ही सहा पोरी खाली. दप्तर छातीशी धरून, धुळीत. माझा त्या दिवशी केमिस्ट्रीचा पेपर होता, साडेआठला.

कंडक्टरनं दार ओढलं. लागेना. आत सगळे खूश. गाडी भरली, गाडी वाचली, असं एकमेकांना सांगत होते. ज्यांच्यासाठी गाडी वाचवायची त्या खाली राहिल्या, हे कुणाच्या ध्यानातच नाही. मी बोंबलले. माझा आवाज मोठा आहे, पण त्या गलबल्यात कोण ऐकतो.

आबाजी आत खिडकीपाशी होते. त्यांची सवय, ते गाडीतली माणसं मोजत होते. मोजता मोजता थांबले. मान बाहेर काढून बघितलं, आम्हांला बघितलं, आणि मग जे उठले ते दारात येऊन उभे.

"उतरा. पोरी खालीच आहे, अन् तुमी कायले चालले बे?"

पण उतरेना कुणी. प्रत्येकाला वाटे, मी उतरलो आणि माझ्यामुळंच आकडा कमी पडला तर? आबाजी एकेकाला सांगत होते, तू उतर, तू पाहुना आहे, तू उतर. आणि मागच्या बाकावरून माझे बाबा उठले. बाबा त्या गाडीत आहेत हे मला माहीतच नव्हतं. त्यांची पाळी नव्हती. आदल्या दिवशी वेचलेला कापूस घरात तसाच पडलेला होता. ते गर्दीतून वाट काढत खाली आले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाय. मागं खिडकीपाशी जागा आहे. पेपर आहे नं तुहा."

ते उतरल्यावर बाकीचे भराभरा उतरले. आम्ही सहाही जणी बसलो. बाबा तिथंच उभे होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही, आमच्यात तशी रीत नाही, पण गाडी वळेपर्यंत ते हलले नाहीत. मी ते केमिस्ट्रीच्या पुस्तकाआडून बघितलं.

तपासनीसानं हे सगळं बघितलेलं. गाडी चालू झाल्यावर तो एकेकाला विचारू लागला. पहिलीच बुढी. आजी, कुठं जायचं? बुढीला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, कुठीच नाही रे बापा, हे गाडी बंद पडू नये म्हणून बसली. तपासनीसानं विचारलं, हे कुणाचं डोकं? सगळ्यांनी आबाजींकडं बघितलं. आबाजी तेव्हा लिंबू नाकाशी धरून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"साहेब, तुमच्या डेपोतच सांगतलं का सहा पोरींनं गाडी भरत नाही. कबूल. म्हनून आमी त्यांच्या संगं येऊन बसतो. तिकीट काढतो, जागेवर बसतो. यात खोटं काय आहे?"

एवढं बोलले आणि वळून खिडकीबाहेर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. तपासनीस दांड्याला धरून थांबला. ते सरळ बसल्यावर त्यानं आपल्याजवळची बाटली पुढं केली. मग वहीत काही लिहिलं आणि म्हणाला, "गाडीत माणसं किती, एवढंच मला लिहायचं असतं बाबा. कशाला बसली, त्याला रकाना नाही."

सकाळची फेरी राहिली. मी बारावी झाले, अकोल्याला लॅबचा कोर्स केला, आणि आज तिथंच जुन्या शहरात एका पॅथॉलॉजीत काम करते. सहापैकी चौघी बारावी झालो. तिघी नोकरीला आहोत. मी स्वतःच्या पायावर उभी आहे ती त्या गाडीमुळं, आणि ती गाडी आबाजींमुळं. हे मी माझ्या मुलीला सांगते, नवऱ्याला सांगते, रक्त द्यायला येणाऱ्या पेशंटलाही सांगून झालंय. फक्त आबाजींना सांगायचं राहून गेलं होतं. आमच्याकडं आभार मानले की माणसं बुजतात.

दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले, तेव्हा मी आई-बाबांना अकोल्याला घेऊन आले. गेल्या दिवाळीनंतर घराचं छत बघायला म्हणून गावी गेले. सोबत एक शाल घेतली होती. आबाजी आता फार थकलेत. फाट्यापर्यंत चालत जाणं होत नाही, पाटी त्यांचा पुतण्या रंगवतो, आकडा मात्र तेच सांगतात. मी पाया पडले, शाल पुढं केली आणि मनात घोकून ठेवलेलं सगळं भडाभडा बोलून टाकलं. तुमच्यामुळं शिकले, तुम्ही नसता तर मी कुठं असते, सगळं. बोलताना रडले.

आबाजींनी शाल उलटी-पालटी करून बघितली आणि बाजूला ठेवली.

"शाल कोनं मांगतली तुले? ते सोड. गाडी पुन्हा तशीच रिकामी चालली आहे. चार पोरी जाते अकोटले, एक तर आमच्या मागच्याच घरची, नववीतली. पाळी पुन्हा लावली आहे. तुह्या घराले दोन वर्सं झाले कुलूप आहे. तुह्या घराची पाळी आतापावतर मीच केली. आता पायरी चढनं होत नाही माह्यानं."

दोन वर्षं हा माणूस, या वयात, मुठीत लिंबू धरून माझ्या घराच्या नावानं त्या गाडीत बसत होता, आणि मी अकोल्यात बसून लोकांना त्याच्या गोष्टी सांगत होते. मला आधी राग आला. मला कुणी सांगितलं का नाही? ड्यूटी आहे, मुलगी आहे, सत्तर भानगडी आहेत. मग लाज वाटली. अशी लाज वाटली की मान वर होईना.

"कधी असते पाळी?" मी विचारलं.

"गुरवारी. पंधरा दिवसांतून एकदा."

पाळीच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारीच मी लॅबमधून निघाले, साडेपाचची गाडी अकोटात कशीबशी धरली, घराचं कुलूप काढलं, झाडून घेतलं, झोपले. गुरुवारी सकाळी पारापाशी आबाजी खुर्ची टाकून बसले होते. पुतण्या यादीतली घरं वाचत होता, ते मान हलवत होते. आमच्या घराचं नाव आलं तेव्हाही त्यांनी तेवढीच मान हलवली आणि पुढचं घर विचारलं. मी गाडीत चढले. ती नववीतली पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली, दप्तर मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं आणि फाटा यायच्या आत माझ्या खांद्यावर मान टाकून झोपी गेली. मी हलले नाही. अकोटात त्या दिवशी मला काडीचंही काम नव्हतं.